भरली वांगी मी केली होती

"पेपर प्लेट आणि कोल्ड्रिंक तुझ्याकडे," मृण्मयी म्हणाली आणि तिनं तसं वहीत लिहिलं.

दिल्लीत मुनिरकातल्या आमच्या खोलीत ती गादीवर मांडी घालून बसली होती. दिवाळी पाच दिवसांवर आली होती. पाडव्याला तिचे आईबाबा पुण्याहून येणार होते, नोएडाचे मामामामी येणार होते, आणि संध्याकाळचं जेवण आमच्या फ्लॅटवर होतं. तिचा मेन्यू चालला होता. श्रीखंड मामी आणणार. पुऱ्या आई आल्यावर तळणार. मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. प्रत्येक पदार्थापुढे एक रेघ, रेघेपुढे नाव. भरली वांगी, रेघ, 'मी'.

मला हसू आलं. मृण्मयीला कुकरसुद्धा धड लावता येत नव्हता. मी विचारलं, वांगी तू करणार?

तिनं पेनचं टोपण चावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "करशील तूच. बाबांना वांगी फार आवडतात आणि तुझ्यासारखी कुणाला जमत नाहीत. फक्त मी केली म्हणून सांगते. आई जरा जुन्या वळणाची आहे, यार. तिला तुझ्या हातचं... म्हणजे तिला कळलं नाही की झालं. राग नाही ना आला?"

राग नव्हता आला. राग यायला वेळ लागतो. आधी कान गरम झाले. मग हाताचं काय करावं ते कळेना. मी उशीचा अभ्रा नीट करायला घेतला, जो नीटच होता.

आणि मी हो म्हटलं. पुढचं सगळं सांगायच्या आधी हे सांगते. मी हो म्हटलं.

मी हिंगोली जिल्ह्यातली. वडील एसटीच्या डेपोत, आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या घरातून दिल्लीला आलेली मी पहिली. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आले, आधी एका हॉस्टेलवर राहिले, मग तीन मुलींच्या फ्लॅटमध्ये जागा मिळाली. मी, मृण्मयी आणि परभणीची नसरीन. मुनिरकात इमारती इतक्या खेटून आहेत की भर दुपारी ट्यूब लावावी लागते. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. त्या खोलीत मी पहिले काही दिवस कुणाशीही बोलले नव्हते. दूधवाल्याशी हिंदीत दोन शब्द, तेवढेच.

पहिली बोलली ती मृण्मयी. माझा कुठलासा फॉर्म टेबलावर होता. त्यावरचं आडनाव तिनं वाचलं. मग आपणहून म्हणाली, मी हे असलं काही मानत नाही हं. मी विचारलं नव्हतं. पण मला इतकं बरं वाटलं की त्याच दिवशी मी तिच्यासाठी पिठलं-भाकरी केली.

त्यानंतर आठ महिने ती माझ्या हातचं जेवली. माझ्या ताटातलं उचलून जेवली. तिला टायफॉइड झाला तेव्हा मी तिला पेज भरवली, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. रोज आम्ही एकमेकींची उत्तरं तपासायचो. कलम सतरावर तिनं लिहिलेलं उत्तर मला आठवतं. अक्षर सुंदर. 'अस्पृश्यता कायद्यानं संपली, पण मनातून जायला हवी.' मी तिला दहापैकी साडेसात दिले होते. समारोप चांगला आहे, असं शेजारी लिहिलं होतं.

मग मी हो का म्हटलं? लोक विचारतील. मीही स्वतःला विचारलं.

कारण मला त्या जेवणात बसायचं होतं. दोन दिवाळ्या मी घरी गेले नव्हते. आदल्या वर्षी पाडव्याला लायब्ररी बंद होती, मेस बंद होती, गल्लीतली निम्मी शटर खाली होती. मी दिवसभरात ब्रेड खाल्ला आणि एका पुस्तकाची सव्वाशे पानं वाचली. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. कुणाची तरी आई येणार, पुऱ्या तळणार, आणखी एक घे म्हणणार. एवढ्यासाठी मी हो म्हटलं. दिल्लीत मैत्रीण म्हणावी अशी मला एकच होती. तीही गेली तर काय, याची भीती वाटली.

नसरीन त्या दिवशी ओखल्याला मावशीकडे जाणार होती. ती जाणार हे कळल्यावर मृण्मयी 'अच्छा, बरं झालं' असं म्हणाली. ते 'बरं झालं' मी ऐकलं. तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

पाडव्याच्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले. इथं भरताची मोठी वांगी कुठंही मिळतात. भरायची लहान वांगी शोधावी लागतात. गल्लीच्या टोकाच्या भाजीवालीनं पाटीच्या तळातून काढून दिली. काटेरी देठांची, जांभळी, हाताला गार. हवा धुरानं जड होती, डोळे चुरचुरत होते. परत येताना पेपर प्लेट घेतल्या. कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या घेतल्या.

आईनं पाठवलेला काळा मसाला मी जपून वापरत होते. त्या दिवशी उरलेला सगळा काढला. शेंगदाणे भाजले, तीळ भाजले, खोबरं भाजलं. वांग्यांना चार चिरा देऊन भरली. मंद आचेवर ठेवली. तेल सुटलं तसा वास आमच्या दोन्ही खोल्यांत भरला. माझ्या घरचा वास होता तो. मी तिथं कढईपाशी उभी होते आणि मला आई आठवली.

मी सहावीत असतानाची गोष्ट. आई अंगणवाडीत खिचडी शिजवायची. चार घरची पोरं ती खिचडी खायची नाहीत. त्यांच्या आया डबे द्यायच्या. मग तिथल्या बाईंनी आईला चुलीवरून काढलं आणि भांडी घासायला लावलं. शिजवायला दुसरी आली. आई घरी येऊन म्हणाली, बरंच झालं, आता डोळ्यांत धूर जात नाही. मला ते खरं वाटलं होतं. मी खूश झाले होते आईसाठी.

चार वाजता मृण्मयी न्हाऊन, नवा कुर्ता घालून आली. मला म्हणाली, चलो, आता तू बाहेर बस, आई कधीही पोचेल. तिनं माझ्या हातातला कालथा घेतला. माझा ॲप्रन काढून स्वतः बांधला. कढईतलं थोडं मसाल्याचं तेल त्याला पुसलं, काम केल्यासारखं दिसावं म्हणून. मी बघत होते.

तिची आई वाईट बाई नव्हती. हे मला सांगायलाच हवं. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. आल्या आल्या तिनं माझ्या हातात चकलीचा डबा दिला. घरची आठवण येत असेल ना बाळा, म्हणाली. माझे डोळे भरून आले. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी पाण्याचा तांब्या द्यायला मागोमाग गेले, तर दारातच म्हणाली, "राहू दे गं, तू बस. आम्ही मायलेकी बघतो." हसूनच म्हणाली. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

म्हणजे तिला माझं आडनाव माहीत होतं. तिच्या मुलीनं सांगितलं होतं.

सातला सगळे बसले. जमिनीवर चादर अंथरली होती. तिचे बाबा, मामा, मामी, आई, मृण्मयी. मी दाराकडच्या कोपऱ्यात, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांपाशी. वाढणं झालं. मला पुरी वाढताना तिच्या आईनं हात जरा वर धरला आणि पुरी वरून सोडली. पुरी प्लेटीत पडली. इतकं छोटं होतं ते. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसेल.

वांगी सगळ्यांना आवडली. बाबांनी दोनदा घेतली. मामांनी पुरी बाजूला ठेवून नुसती वांगी खाल्ली. मामी म्हणाल्या, मृण्मयी, तू तर छुपी रुस्तम निघालीस. तिच्या आईचा चेहरा फुलला होता. लेकीकडे बघून ती म्हणाली, "कुणाकडून शिकलीस गं? आपल्याकडे असा मसाला नसतो. काय काय घातलंस?"

मृण्मयी म्हणाली, दाणे. मग म्हणाली, तीळ. मग थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगावं असं नाही, मी गप्प राहावं असं पाहिलं.

मी कोपऱ्यात बसून माझीच भाजी पाहुण्यासारखी खात होते. माझ्या आईनं उन्हात मिरच्या वाळवलेल्या, उखळात कांडलेला मसाला. तो त्यांच्या तोंडात होता. आमचं नाव तेवढं खोलीच्या बाहेर होतं. भूक अशी एकदम मेली. आणि राग आला. आठवडाभर उशिरा, पण आला.

"काकू," मी म्हटलं, "वांगी मी केली. मसाला माझ्या आईनं कांडलाय. हिंगोलीहून आलाय."

मग मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आईचं, वडिलांचं. आडनाव शेवटी सांगितलं, सावकाश.

मामींनी पदर सारखा केला. बाबांचा हात वांग्याच्या देठावर होता. त्यांनी ते देठ प्लेटीच्या कडेला ठेवलं आणि कोशिंबीर घेतली. मामा म्हणाले, मसालेभात आण गं कुणीतरी.

तिची आई म्हणाली, "छान झालीत हो." तिनं टिश्यूनं बोटं पुसली, एक एक करून. मग उठली. प्लेट दुमडली, कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि गठ्ठ्यातली नवी घेतली. कागदी प्लेट. टाकायला सोपी. मीच आणली होती. नव्या प्लेटीत तिनं श्रीखंड घेतलं आणि बसली.

मृण्मयी माझ्या कानाशी आली. "तू जरा आत जा ना. प्लीज."

मी तिच्याकडे पाहिलं. घाबरलेली होती ती. मला तिची कीव आली नाही. मी म्हटलं, माझं जेवण व्हायचंय.

आणि मी जेवले. भूक नव्हती तरी जेवले. दोन पुऱ्या खाल्ल्या, भात घेतला, वांगं घेतलं. घास तोंडात फिरत होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. एवढं एकटं मला दिल्लीत कधी वाटलं नव्हतं. त्या ब्रेड खाल्लेल्या दिवाळीतही नाही. पण उठले नाही. शेवटचं शीत उचललं, मगच हात धुवायला गेले.

पाहुणे लवकर गेले. जाताना मृण्मयीच्या आईनं मला 'येते हं' म्हटलं. दार लागल्यावर मृण्मयी रडली. म्हणाली, "वर्षातून एकदा येते ती. एक दिवस सांभाळून घेता आलं नाही तुला? तुझ्यासाठी मी एवढं केलं." काय केलं, ते मी विचारलं नाही. तिनं माझ्यासोबत राहणं, तेच तिच्या लेखी करणं होतं. हे मला तेव्हा कळलं.

सकाळी उठले तर कढई घासून पालथी घातलेली. निम्मी भाजी उरली होती. ती जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात होती, पिशवीतून तेल गळत होतं.

नसरीन सकाळी परतली. मी तिला सगळं सांगितलं. ती पायऱ्यांवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुला निदान प्लेटा तरी आणायला सांगितल्या. मला तर बोलावलंच नाही. मावशीकडे मी जाते ते कशाला, असं कधी विचारलंस?" मी नव्हतं विचारलं. माझं दुःख मला इतकं मोठं होतं की तिचं दिसलंच नव्हतं. मी मान खाली घातली. ती आत निघून गेली. त्यात समजूत काढण्यासारखं काही नव्हतं आणि तिनंही काढली नाही.

मग मी आईला फोन लावला. आई म्हणाली, कशाला बोललीस? परक्या गावात आहेस. गप बसायचं.

मी म्हटलं, आई, तू गप बसलीस अंगणवाडीत. काय झालं? भांडीच घासतेस ना अजून?

बोलल्यावर मला वाटलं, हे बोलायला नको होतं. मग आईनं विचारलं, "वांगी चांगली झाली होती का?"

मी म्हटलं, चांगली झाली होती.

"मसाला पाठवते," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

महिनाअखेरीला मी खोली बदलली. मुनिरकातच, दोन गल्ल्या पलीकडे, एकटीची खोली, गच्चीवरची. मृण्मयीचा एक लांब मेसेज आला. तुला दुखावलं असेल तर सॉरी, पण तू मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतंस, असं. मी उत्तर दिलं नाही. लायब्ररीत ती माझ्यापासून तीन टेबलं सोडून बसते. आमची नजरानजर झाली की ती पुस्तकात बघते. माझी उत्तरं आता कुणी तपासत नाही. मीच लिहिते, मीच वाचते. सणाला खोलीबाहेर पाय टाकावासा वाटत नाही. हे सगळं मला चांगलं वाटतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी दोन भाकऱ्या थापते, एक उरते, आणि खोलीत माझ्या चावण्याचा आवाज येतो.

पण 'मी असलं काही मानत नाही' एवढ्यावर मी कुणाला भाकरी वाढणार नाही. कुणाच्या आईच्या समाधानासाठी माझा हात पाठीमागे लपवणार नाही. मी रांधलेलं माझ्या नावानं वाढलं जाईल, नाहीतर वाढलं जाणार नाही. माझ्या पंगतीला बसणं ज्याला चालत नाही, त्यानं उठावं.

मी उठणार नाही.