ढीग आपोआप निवतो

अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवणारे कमलाकांत हंगामात दर रविवारी पॅसेंजरने अकोल्याला जात, ते एका ढिगासाठी. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या आवारात सरकीचा ढीग पुरुषभर उंच असे. ओलसर सरकी आतून तापते, आणि तापली की आणखी वेगाने तापते. दुसरीकडे उष्णता बाहेर निसटतही असते. या ओढाताणीत बराच काळ लोटल्यावर काय होतं, एवढाच त्यांचा प्रश्न. समीकरण मांडलं होतं, पण ते अरेषीय. नेहमीच्या रीतींना दाद देत नव्हतं.

बंद आवारात चौकीदाराला सांगून ते ढिगात नळी खुपसत, आत उष्णतामापक सोडत. पारा चढलेला दिसे, पुढच्या रविवारी उतरलेला. दरवर्षी तेच. त्यांची खात्री पटली की ढीग शेवटी निवतो. म्हणजे समीकरणाचं प्रत्येक उत्तरही निवलंच पाहिजे. सिद्धतेत एकच पायरी अडली होती. तिच्यापायी तारुण्य गेलं, घर पत्नी विमलताईंनी एकटीनं ओढलं. एकसष्ट साली पायरी बसली असं वाटलं आणि प्रबंध टायपिंगला गेला.

त्या आठवड्यात रविवारची गाडी चुकली. ते सोमवारी गेले. स्टेशनलगत राहणारा, येता-जाता रामराम घालणारा देवमन हमाल आणि त्याचे सोबती फावड्यांनी ढीग उपसत होते. सरकीतून वाफा निघत होत्या.

"ढीग काहून मोडताय, देवमन?"

"मोडत नाही मास्तर, पलटवून राहिलो. आतली बाहेर, बाहेरची आत. दर सोमवारचं काम हाय."

"आणि नाही पलटवला तर?"

"तं पेटते. मंग नळी कायच्यात टोचसान?"

सोबती हसले.

"कधी बोलला नाहीस."

"तुमी येता रविवारी. तवा आमी घरी लोळतो."

कमलाकांत तिथंच बसले. पारा दर वेळी या माणसांच्या पाठींनी उतरवला होता. समीकरणात पाठींना जागा नव्हती.

परतीच्या गाडीत त्यांनी ती पायरी पुन्हा मांडली. मोठा ढीग तसाच सोडला, तर उत्तर निवत नव्हतं. ठराविक काळातच अनंताकडे जात होतं. पायरी बसली नव्हती, त्यांनी बसवली होती.

"लहान ढिगापुरतं तरी खरं आहे ना?" घरी सगळं ऐकून विमलताईंनी विचारलं.

"लहान ढीग निवतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, विमल."

प्रबंध आणायला ते गेलेच नाहीत. निवृत्तीपर्यंत पहिल्या वर्षाला त्रिकोणमिती शिकवली. रविवारी अंगणात खुर्ची टाकून बसत. हातात काही नसे.