औंदा दिवाळी लांब होती

कुलूला जायचं हे एका दुपारीच ठरलं होतं. केव्हा जायचं, हे ठरवायला मात्र हिलाल आणि उषाबाई या नवराबायकोला तीन वर्षं लागली.

दर थंडीत कोसाडच्या वसाहतीत सायकलवर शालींचं गाठोडं बांधून एक कुलूवाला येई. उषाबाई खाली जिन्याच्या दाराशी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसलेल्या असत. शाल त्यांनी एकदाच घेतली, पण त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा दर वर्षी दिला. ठेच्याने आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत तो आपल्या खोऱ्याच्या गोष्टी सांगे. चैत्रात सफरचंदाची झाडं फुलांनी पांढरी होतात, पावसाळ्यात डोंगर रस्त्यावर उतरतो, दसऱ्यानंतर आभाळ धुतल्यासारखं होतं आणि पौषात दाराबाहेरचा बर्फ उपसल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. "दीदी, हमारे घर आना," असं म्हणून तो उठे. लोक असं म्हणतातच. उषाबाईंनी ते खरं धरलं.

हिलाल मूळचा शिंदखेड्याकडचा. एकतीस वर्षं तो एकाच कारखान्यात, गुजराती सेठच्या यंत्रमागांवर होता. मागांच्या खडखडाटाने कान गेले होते, त्यामुळे घरातही तो ओरडूनच बोले.

"चैत्रात जाऊ. फुलं पाहू."

"अन् आखाजीले शीतल येई, ती कोणा दारमा उभी राही?" उषाबाई विचारत. खान्देशात आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी येण्याचा सण. त्यांची एकुलती एक लेक कामरेजला दिलेली होती, आणि एकही आखाजी तिने चुकवली नव्हती. चैत्र-वैशाख बाद झाला. पावसाळा कुलूवाल्यानेच बाद केला होता. पौष हिलालच्या खोकल्याने. उरली दिवाळी. तेव्हा कारखाने बंद असतात, रजा मागावी लागत नाही. दर दिवाळीला गावाकडे जाणारी ही दोघं या वेळी उत्तरेला जाणार, हे हिलालने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

"हळू बोला, शीतलना बाप," उषाबाई म्हणाल्या. "तठे असं बोलशात तं बरफ आंगवर पडी."

त्या वर्षी अधिक श्रावण आला. जावयाला धोंड्याचं जेवण झालं, उषाबाईंनी हौसेने पुरणाचे धोंडे केले. अधिक महिन्याने दिवाळी नोव्हेंबरात ढकलली, याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. जावयाने पाडव्याची चंदीगडची तिकिटं काढून दिली.

गणपतीत उषाबाईंचे पाय सुजले. दोन जिने चढताना त्या तीनदा बसत. हृदय अशक्त झालंय, असं डॉक्टर म्हणाले. कुलूचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फार उंचावर जाऊ नका. खोऱ्यात राहा. पण जायचं तर लवकर जा."

घरी येऊन उषाबाई भिंतीला टेकल्या. "दिवाई लांब शे औंदा. दसराले जाऊत का? सेठले इचारी तं पाहा."

दुसऱ्या दिवशी हिलाल कामावर गेला. सेठ केबिनमध्ये फोनवर बोलत होता. हिलाल काचेपाशी जाऊन उभा राहिला. त्याला कारखान्यातल्या जुन्या सोबत्याची, धुडकूची आठवण झाली. वीसएक वर्षांपूर्वी धुडकू बहिणीच्या लग्नाला म्हणून आठ दिवस गेला, आणि परत आला तर त्याच्या मशीनवर दुसराच माणूस होता. तेव्हाचा म्हातारा सेठ केव्हाच वारला होता. आता त्याचा मुलगा बसत होता आणि त्याने आजवर हिलालला अरे म्हटलं नव्हतं. तरी हिलाल काचेपासून परतला. संध्याकाळी उषाबाईंनी विचारलं, "इचारं का?"

"इचारं. नई म्हने."

त्यांनी हातातला धागा कापला. "जाऊ द्या. त्यानंबी काम शे."

कोजागिरीनंतर दोन दिवसांनी, सकाळी चहाचं आधण ठेवताना, उषाबाई गेल्या. आदल्या वर्षी त्या तारखेला दिवाळी होऊन चार-पाच दिवस उलटले होते. हा हिशेब हिलालने स्मशानातून परतल्यावर केला आणि पुढे रोज करत राहिला.

आठव्या दिवशी सेठ भेटायला आला. बूट बाहेर काढून खाली सतरंजीवर बसला. शेजारच्या मशीनवरचा योगराज सोबत होता. त्याने सहज सांगितलं की भाभींना डोंगर पाहायचा होता, तिकिटंही काढलेली आहेत. सेठ हिलालच्या कानाशी वाकला.

"मने कहेवुं हतुं ने, हिलालभाई. वहेला जता." मला सांगायचं होतं, लवकर गेला असतात, असं म्हणून तो मग हिंदीत म्हणाला, "मैं आठ दिन की छुट्टी नहीं देता क्या? इतने साल में आपने कभी माँगी ही नहीं."

हिलालने मान हलवली. शीतल आत पाहुण्यांचा चहा करत होती. तिने ऐकलं नाही.

पाडव्याला दुपारी चंदीगडची गाडी सुटली. तिकिटं रद्द करायची कुणाला आठवण राहिली नव्हती. गल्लीत फटाके वाजत होते. यांच्या दारी पणती नव्हती. शीतल बापाजवळ येऊन बसली.

"आबा, तुम्ही त्या सेठकडे पुन्हा जाऊ नका. तुमचे जावई बोलले आहेत इच्छापोरला, वॉचमनचं काम आहे. बसून करायचं."

"का बरं?"

"मायने मला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही रजा मागितली अन् तो नाही म्हणाला. एकतीस वर्षं राबलेल्या माणसाला आठ दिवस नाहीत? अन् वर इथे येऊन तोंड पाडून बसला. मला तर चहाचा कप त्याच्या हातात द्यायचा नव्हता."

"त्याची काही चूक नाही," हिलाल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला की शीतलला वाकावं लागलं. "शीतल, त्याची चूक नाहीच."

शीतलचे डोळे भरून आले. "मायबी असंच म्हणायची," ती म्हणाली. "तुम्ही दोघं सारखेच. कुणाला वाईट म्हणाल तर शपथ."

हिलालने पुढचं बोलायला तोंड उघडलं. तोवर ती पदराने नाक पुसत त्याचं ताट वाढायला आत गेली होती.