माझ्या सोयीचा कीबोर्ड

बाबा भिवंडीच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. बटणांकडे बघत टाइप करणाऱ्याला ते टायपिस्ट मानतच नसत. मी प्रोग्रामर झालो आणि त्यांचा हा हट्ट जरा जास्तच मनावर घेतला. माझ्या एडिटरमध्ये मिनिटामिनिटाला एस्केप दाबावं लागे, आणि ते मेलं बटण पार कोपऱ्यात. मी सेटिंग बदलून ते हाताशी असलेल्या कॅप्स लॉकच्या जागी आणलं. मग चटकच लागली. सारखी लागणारी अक्षरं मधल्या ओळीत ओढली, नकोशी कडेला ढकलली. बटणांवर छापलेलं जुनंच राहिलं. दाबलं की उमटे दुसरंच. हे इतकं अंगवळणी पडलं, की आपण काही बदललंय हेच मी विसरलो.

त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ वळेना. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आहेत, पण त्यांना कितपत समजतंय ते आत्ताच सांगता येत नाही. आम्हाला तेवढंच तर जाणून घ्यायचं होतं. मी माझा कॉम्प्युटर पलंगाशेजारी लावला, कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "बाबा, बोलता येत नाही तर टाइप करा. मराठीच, इंग्रजी अक्षरांत."

त्यांनी डाव्या हाताने बटणं चाचपली, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली आणि सावकाश एक ओळ टाइप केली. स्क्रीनवर नुसता कचरा. एक शब्द लागेना. त्यांनी मान वळवून ते बघितलं आणि हात काढून घेतला.

आई त्यांच्या उशाशीच बसली होती. "गेलं रे सगळं," ती म्हणाली, "असं जगण्यापेक्षा देवाने सोडवलं तर बरं." आमच्या गल्लीत पॉवरलूमच्या खडखडाटामुळे सगळेच मोठ्याने बोलतात, तीही मोठ्यानेच बोलली. मी नुसतं "हं" म्हणालो. हो, मीसुद्धा. पुढचे आठ दिवस आम्ही त्यांच्यासमोर काय वाट्टेल ते बोललो.

नवव्या दिवशी धामणकर नाक्याजवळ एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात तिथल्या कॉम्प्युटरवर बसलो. बोटं सवयीने चालली आणि स्क्रीनवर कचरा उमटला. अगदी बाबांसारखा. आईशप्पथ, घरच्या कीबोर्डची अक्षरं तर मीच बदलली होती! तसाच उठलो, रिक्षा पकडली. नाक्यावर ट्रक अडकलेला. उतरलो आणि स्वतःला शिव्या घालत चालत सुटलो.

घरी पोचलो तेव्हा आई भाजीला गेली होती. बाबांची ती ओळ मी पुसली नव्हती. एकेक अक्षर कोणत्या बटणाने उमटतं ते बघून त्या बटणावर छापलेलं अक्षर कागदावर लिहीत गेलो.

"मला सगळं समजतंय. घाबरू नका."

मी त्यांचे पाय धरून रडलो. "बाबा, चूक माझी हो. बटणं मी बदलली होती. तुमचं डोकं शाबूत आहे." मी सगळी अक्षरं होती तिथे नेली आणि कीबोर्ड पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी परत भिंतीकडे बघत टाइप केलं. एकही चूक नाही.

"मी सगळं ऐकलं हे आईला सांगू नकोस."

दारात आईच्या चपला वाजल्या. मी घाईघाईने दोन्ही ओळी पुसल्या, कागद खिशात कोंबला.

"आई, लवकर ये," मी ओरडलो, "बाबांना आजपासून समजायला लागलंय!"