प्रशिकचा बर्फ

हिंगण्याच्या कारखान्यात फिटर असलेल्या प्रेमानंदच्या संत्र्याच्या कॉकटेलचं साऱ्या नातेवाइकांत कौतुक होतं. मग एका रविवारी त्याचा साडू प्रशिक यानं सगळ्यांना घरी बोलावलं आणि प्रत्येकाच्या ग्लासात काचेसारखा नितळ बर्फ टाकला. "आरपार दिसते वं!" प्रेमानंदची बायको माया बहिणीला म्हणाली आणि ग्लास उजेडात धरून बघतच बसली. प्रेमानंदनं आपला ग्लास न पिताच खाली ठेवला.

घरी त्यानं पाणी उकळून गोठवलं. तरी बर्फ मधोमध पांढराच राहिला.

"प्रशिकलेच विचारा ना जी," माया म्हणाली.

"त्याले काहून विचारू?"

शेवटी त्यानं थर्माकोलच्या उघड्या डब्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. बर्फ वरून खाली धरत गेला आणि पांढुरका भाग तळाशी उरला. तेवढा त्यानं करवतीनं कापून टाकला आणि प्रशिकला मुद्दाम बोलावून घेतलं.

प्रशिकनं ग्लास फिरवून पाहिला. "दादा, माह्यापेक्षा भारी! एवढा सरळ कसा कापला? मले बी शिकवा."

त्याचा आनंद खराच होता. प्रेमानंदनं हसून करवत दाखवली, पण आतून तो आधीपेक्षा जास्त जळत होता.