यंदा बिबा लागंल का

आमच्या भोकरकडच्या डोंगरात बिब्याची झाडं हायेत. थंडीत बिबे पिकले की गल्लीतल्या आम्ही सहा बाया ते वेचून आणतो, फोडून आतली गोडंबी काढतो अन् व्यापाऱ्याला घालतो. सहाजणीत मी म्हातारी. गुडघे गेले, वावरात वाकणं व्हत न्हाई. बसल्या जागी बिबा फोडायचं, तेवढंच काम मला उरलंय.

पर थंडीतलं भादव्यातच सांगावं लागतं. पोळा झाला की मुरुडकडचा मुकादम बाया न्यायला येतो. सोयाबीन, तूर, हरभरा, समदं उरकून बाया शिवरात्रीलाच परततात. जायचं का ऱ्हायचं, ते डोंगर बघून ठरतं. बघायचं काम माझं. सासूनं शिकवलं व्हतं.

गेल्या भादव्यात आम्ही वर गेलो. त्यातली एक तरणी, नवी लग्न होऊन आलेली, मोठ्या झाडाखाली उभी ऱ्हायली.

"मावशे, ह्याला केवढा फुलोरा आला व्हता. पोतं भरंल."

"तो नर हाय बाई. नुसता फुलतो. फळ न्हाई धरत."

"आमच्या घरच्यावानी. निसता मिरवतो," मागून एक म्हणली. बाया हसल्या.

मी काठीनं दुसऱ्या झाडाची फांदी खाली वढली. घोसात दोन-तीन हिरवे दाणे, बाकी देठं मोकळी. खाली भुईवर वाटाण्याएवढी फळं गळून पडलेली. आदल्या साली ह्याच फांद्या वझ्यानं वाकल्या व्हत्या. एका साली लई लागलं की झाड दुसऱ्या साली दम खातं.

मला समजलं. हाव म्हणलं तर बाया ऱ्हातील, मला टोपल्यानं बिबे आणून देतील. न्हाई म्हणलं तर जातील, अन् माझ्या हाताला काम न्हाई. पर ह्या ऱ्हायल्या अन् बिबा न्हाई लागला, तर त्यांच्या लेकरांनी काय खायाचं?

"यंदा न्हाई," मी म्हणलं. "मुकादमाला हाव म्हणून टाका."

तरणीनं इचारलं, "मंग तू काय करशील?"

"बसंन."

टेंपोत बसून बाया गेल्या. पौषात मी एकलीच हळूहळू वर चढले. दोन ओट्या बिबे घावले. एका सकाळीत फोडून झाले.

बिब्याचं तेल उततं. दरसाली संक्रांतीला माझे हात फोडांनी भरलेले असायचे, भाकर थापताना डोळ्याला पाणी यायचं. त्या साली हात साफ ऱ्हायले. पर पीठ दिवसाआड मळत व्हते.

शिवरात्रीला बाया आल्या. तरणीनं माझ्या सुपात हरभरा वतला. किती, ते मी बघितलं न्हाई. मंग उंबऱ्यावर बसून म्हणली, "मावशे, यंदा लागंल का?"

"फळ धरल्याबिगर मी बोलत नसते," मी म्हणलं, अन् हरभरा पाखडाया घेतला.