भिंतीपुढचं कपाट

“मिस्टर मिलिंदना फोन देता का?”

मी म्हणाले, “ते वारले.”

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. “आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युवर लॉस. पण कर्जावर तुमचं नाव नाही. तुमच्याशी बोलायला त्यांची तोंडी परवानगी लागेल. ते कधी भेटू शकतील?”

लायब्ररीच्या स्टाफरूममध्ये मायक्रोवेव्हशेजारी उभी राहून मी हे ऐकलं. माझा डबा आत फिरत होता. मग मी जे बोलले ते लिहायला आजही जड जातं. मी म्हणाले, “सॉरी.” नवरा फोनवर येऊ शकत नाही म्हणून मी बँकेची माफी मागितली.

मिलिंदला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. ट्रॉय गावातलं घर आम्हा दोघांच्या नावावर, कर्ज मात्र त्याच्या एकट्याच्या. घर घेतलं तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते, मला पगार नव्हता. मी वाचणारी बाई. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही सोडत नाही. पण घराच्या कागदांचा गठ्ठा समोर आला त्या दिवशी मी एक पान वाचलं नाही. जिथे बोट ठेवलं गेलं तिथे सही केली.

दोनच वर्षांत बेसमेंटची मागची भिंत आत फुगली. आडवी भेग पडली. बर्फ वितळला की तिच्यातून पाणी झिरपायचं. दुरुस्तीचा खर्च ऐकून मिलिंद म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी तो आजारी पडला.

माझ्या लायब्ररीच्या पगारात हप्ते बसेनात. त्या भिंतीसकट घराला जी किंमत येत होती ती कर्जाहून कमी. अशा वेळी शॉर्ट सेल करतात: आहे त्या किमतीला घर विकायचं आणि उरलेलं बँकेनं सोडून द्यायचं. पण बँकेनं आधी हो म्हणायला हवं. नाही म्हटलं, किंवा काहीच म्हटलं नाही, तर घर लिलावात जातं.

आमची बँक काहीच म्हणत नव्हती.

शिल्पा माझी एजंट. नागपूरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिनं गिऱ्हाईक आणलं होतं. एक कॉन्ट्रॅक्टर आणि त्याची बायको. भिंत आम्हीच बांधून घेऊ, म्हणाले. फक्त लवकर कळवा.

बँकेला कागद फॅक्सनं लागायचे. फॅक्स मशीन आमच्या लायब्ररीत, आणि ते चालवून द्यायचं काम माझं. लोकांचे कागद मी रोज पाठवते. मिलिंदचा मृत्यूचा दाखला मी चार वेळा पाठवला. प्रत्येक वेळी पालथा धरून. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दिसू नये म्हणून.

इथल्या मराठी मंडळातल्या सुधाकाकूंचा फोन आला. “अगं, घरविक्रीच्या साइटवर तुझं घर दिसलं. खाली शॉर्ट सेल असं काहीतरी लिहिलंय. चुकून ना?”

“चुकूनच असेल काकू. मी न्यू जर्सीला जातेय, लेकीजवळ.”

“छान! नशीबवान आहेस गं.”

माझी लेक दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. तिला मी काहीच विचारलं नव्हतं.

मग एक दिवस बँकेनं घराची किंमत ठरवायला माणूस पाठवायचं ठरवलं. तो येणार होता त्या दिवशी शिल्पाला यायला जमणार नव्हतं. तिनं फोनवर बजावलं, “ताई, काही करायचं नाही. दार उघडायचं, घर आहे तसं दाखवायचं. ओके?”

मी ओके म्हणाले. आणि दोन दिवस घर घासत बसले.

परका माणूस घरी येणार, आणि त्याला ही भिंत दाखवायची? माझ्याच्यानं होईना. पुस्तकांचं मोठं कपाट रिकामं केलं. एकटीनं इंच इंच ओढत भेगेपुढे नेलं. पुस्तकं परत लावली, उंचीप्रमाणे. कडेला ओल दिसत होती, तिथे सोलापुरी चादर टांगली. दाराला तोरण लावलं. पोहे केले.

तो माणूस आला. दाराशी काढलेल्या माझ्या चपला पाहून त्यानं न सांगता बूट काढले. मला बरं वाटलं. खाली जाऊन त्यानं फोटो घेतले आणि म्हणाला, “सुंदर लायब्ररी आहे.” मी थँक यू म्हणाले. त्यानं पोहे खाल्ले, वर हिरवं काय घातलंय ते विचारलं. तो गेल्यावर मी सोफ्यावर बसले. कितीतरी दिवसांनी मला वाटलं की आपली अब्रू राहिली.

इतके महिने गप्प असलेल्या बँकेचं उत्तर दहा दिवसांत आलं. दोन ओळी. घराची किंमत आलेल्या ऑफरपेक्षा बरीच जास्त आहे. अर्ज नामंजूर.

शिल्पा धावत आली. थेट बेसमेंटमध्ये उतरली.

“ताई, हे कपाट इथे कधी आलं?”

तिनं चादरीचं टोक उचलून पाहिलं.

“चादर? आणि वर तोरण? तुम्ही त्याला चहाबिहा नाही ना दिला?”

“पोहे,” मी म्हणाले.

“पोहे! बँकेच्या माणसाला पोहे! यार ताई, तो पाहुणा होता का?” तिला हसू फुटलं. माझ्याकडे पाहून ते थांबलं. ती पायरीवर बसली. “का केलंत असं?”

“लाज वाटली.”

“कुणाची?”

मी चादर काढून तिची घडी घालायला लागले.

ती गेल्यावर मी तिथेच पुस्तकं काढायला लागले. कप्प्यामागून कप्पा. आणि हातात पुस्तकं असताना आठवलं की मिलिंदचा आजारही आम्ही असाच झाकला होता. मंडळात सांगायचो, पाठ दुखतेय. शेवटच्या दिवाळीला तो गादीवरून उठत नव्हता आणि मी काकूंना फोनवर म्हणाले, ऑफिसचं काम फार आहे त्याला. ज्यांना भेटायला त्याला आवडलं असतं असे कितीतरी लोक थेट फ्युनरल होमला, अंत्यदर्शनालाच आले. दारात उभं राहून विचारत होते, अगं, सांगितलं का नाहीस? तेव्हाही मी सॉरीच म्हणाले होते.

कुणाची लाज? माणूस आजारी पडला याची? भिंतीत पाणी शिरलं याची? यातलं मी काय केलं होतं? मी फक्त झाकलं होतं. तेवढंच माझं.

दुसऱ्या दिवशी बँकेला फोन केला. लायब्ररीच्या काउंटरवरून, सगळ्यांसमोर.

“मिस्टर मिलिंदना फोन द्याल का?”

“ही इज डेड,” मी म्हणाले. वारले नाही, गेले नाही. मेला. “दाखला तुमच्याकडे चार वेळा आलाय. आता पाचव्यांदा पाठवतेय. तुम्ही मशीनपाशी उभे राहा. मी फोन ठेवणार नाही. आणि माझं नाव लिहून घ्या, यापुढे माझ्याशी बोलायचं.”

त्यानं होल्डवर टाकलं. मी दाखला उताणा ठेवून पाठवला. रांगेतल्या आजोबांनी तो वाचला, आणि माझी नजर मी खाली जाऊ दिली नाही. चाळीस मिनिटांनी एक बाई फोनवर आली. तिनं माझं नाव एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. किंमत पुन्हा तपासू, म्हणाली.

संध्याकाळी सुधाकाकूंना फोन केला. “काकू, चुकून नव्हतं ते. हप्ते भरता येत नाहीत. घर जातंय. आणि लेकीनं मला बोलावलेलं नाही.”  या वेळी मी सॉरी म्हटलं नाही.

नवा माणूस काल आला. दारात वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

“बूट काढू नका,” मी म्हणाले. “खाली पाणी आहे.”

बॅटरी घेऊन मी पुढे झाले. भेगेवर हात ठेवला, बोटं आत घालून दाखवली. इथून सुरू होते, इथपर्यंत जाते. इथे फोटो घ्या. इथेही घ्या. चहा मी विचारला नाही.

बँक हो म्हणेल की नाही, ठाऊक नाही. कॉन्ट्रॅक्टर महिनाअखेरपर्यंत थांबणार आहे. नंतर दारावर लिलावाची नोटीस लागेल. लागली तर मी ती फाडणार नाही, तिच्यावर तोरण सोडणार नाही. येणारा-जाणारा थांबून वाचू दे. कुणी विचारलं तर सांगेन. मिलिंदपासून सुरुवात करून, भिंतीपर्यंत सगळं.