सुटलेलं बूच कुठं जातं?

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्तुळाकार गतीचं एक यंत्र आहे. खाली मोटार, वर फिरणारा दांडा, दांड्यावर सरकणारं वजन आणि वजनाला अडकवलेली स्प्रिंग. वेग वाढवला की स्प्रिंग किती ताणते, हे पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं ते घेतलं असणार. मी तिथं फिजिक्स शिकवायला लागले तेव्हापासून ते काचेच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आमच्या विभागप्रमुख सरांच्या खिशात. कपाट वर्षातून एकदा उघडतं. खंडेनवमीला.

खंडेनवमीला हत्यारं पुजू नयेत असं मी म्हणत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत लेथलाही हार घालतात. पण सण झाला की त्याच लेथवर लोखंड कापतात. आमच्याकडं पूजा हाच प्रयोग. सर चपला बाहेर काढून आत येतात, यंत्र पुसतात, हळदकुंकू वाहतात, फिरणाऱ्या दांड्याला झेंडूचा हार घालतात आणि यंत्राच्या लोखंडी पायावर खणकन् नारळ फोडतात. मग सगळ्यांना पेढे, मग प्लास्टिकचं आवरण, मग कुलूप.

आणि पोरं? पोरांसाठी सर फळ्यावर आकडे लिहितात. पोरं ते जर्नलमध्ये उतरवतात आणि आलेख काढतात. जगातला कुठलाही खरा प्रयोग इतका सरळ आलेख देत नाही. मी दरवर्षी भांडायचे. दरवर्षी सर म्हणायचे, “मॅडम, पोरं हात लावतील, बिघडवतील.” पोरांनी हात लावू नये म्हणून प्रयोगशाळा! उद्या पोहायचा तलाव बांधतील आणि पोरं भिजतील म्हणून पाणी सोडणार नाहीत.

गेल्या वर्षी मात्र माझं डोकं खरोखरच फिरलं.

बारावीला एक पोरगी होती. बिद्रीच्या बाजूच्या गावातनं एसटीनं यायची. आवाज असा की शेवटच्या बाकावर बोलली तरी ऑफिसात कळायचं. वर्तुळाकार गतीच्या प्रयोगाखाली एक प्रश्न असतो : फिरणारी वस्तू सुटली तर कोणत्या दिशेनं जाईल? सरांच्या नोट्समध्ये उत्तर ठरलेलं होतं, ‘केंद्रापासून सरळ बाहेर.’ सगळा वर्ग तेच लिहायचा. या पोरीनं लिहिलं, ‘स्पर्शिकेच्या दिशेनं.’ म्हणजे सुटण्याच्या क्षणी तोंड जिकडं असेल तिकडं सरळ पुढं. शाबास! बरोबर उत्तर. पाठ्यपुस्तकातही हेच छापलंय.

सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि जर्नलवर सही करायला नकार दिला. ती सही नसेल तर बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा तोंडावर आलेली.

मी जर्नल आणि पाठ्यपुस्तक दोन्ही घेऊन सरांच्या टेबलापाशी गेले. पोरगी मागं उभी.

“सर, हे वाचा.”

“वाचलंय. पुस्तकात काय, कायबी छापतात. माझ्या नोट्सवर किती पोरं इंजिनिअर झाली, माहितीय?”

“झाली असतील सर. म्हणूनच हायवेची वळणं तशी आहेत.”

स्टाफरूममध्ये कुणीतरी चहाचा घोट नाकातनं काढला. सर लाल झाले. पोरीकडं वळून म्हणाले, “तू सांग. तुला कुणी शिकवलं हे?”

“मी करून बघिटलंय सर. न बघता कसं लिहितो मी?” आमच्या कोल्हापूरच्या पोरी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. “दोऱ्याला बूच बांधून फिरवलं की घरच्या अंगणात. तुमच्या नोट्सप्रमाणं भाऊ जिकडं उभा हुता तिकडं जायला पायजे हुतं. गेलं शेजारच्या काकूंच्या धुण्यात.”

“घरी फिरवलंय म्हणं! हे काय भोवऱ्याचं खेळणं हाय? खोडून नोट्समधलं लिव्ह. लगेच सही करतो.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “खोडायचं नाही.”

आता माघार नव्हती. मी सरांना म्हटलं, “यंत्र काढा. फिरवून बघू. हिचं चुकलं तर हिच्याबरोबर मीपण खोडते.” सगळा स्टाफ ऐकत होता, त्यामुळं सरांना किल्ली काढावी लागली.

यंत्र टेबलावर आलं. बारावीचा अख्खा वर्ग भोवती. आवरण काढलं, वायर जोडली, बटण दाबलं. यंत्र घुर्रर्र करून हुंकारलं आणि तिथंच थांबलं. दांडा हलेना. सरांनी हातानं ढकलला, तरी हलेना. मग एक आंबूस वास आला. मी यंत्र उलटं केलं. बेअरिंगमध्ये कुंकवाचा लाल चिखल, त्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि वर्षानुवर्षं झिरपलेलं नारळाचं पाणी वाळून गोंदासारखं घट्ट. आमच्या पूजेनंच देव मारला होता. आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण पूजेशिवाय त्याला कुणी हात लावलाच नव्हता!

तुम्ही म्हणाल, हसू आलं असेल. आलं. पण त्याखाली जो संताप होता तो सांगते. या पोरांचे आईबाप उसाच्या बिलातनं फी भरतात. कुणी दूध डेअरीला घालून, कुणी पेठेत दुकान चालवून. त्या पैशात पोरांना काय मिळतं, तर फळ्यावरचे खोटे आकडे आणि लाल फुली. मी टेबलावर हात आपटला आणि जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. पहिल्या बाकावरच्या पोरींनी मान खाली घातली आणि मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सर शांतपणे म्हणाले, “यंत्र बिघडलंय. प्रयोग रद्द. विषय संपला.”

“विषय संपला नाही सर. खिशातलं बॉलपेन द्या.”

त्यांनी गोंधळून दिलं. मी रिफिल काढून टाकली. रिकाम्या नळकांड्यातनं नायलॉनचा दोरा ओवला आणि वरच्या टोकाला प्रयोगशाळेतलं रबरी बूच बांधलं. नळकांडं हातात धरून बूच डोक्यावर गोल फिरवायचं आणि पाहिजे तेव्हा दोरा सोडायचा. यापेक्षा जास्त यंत्र लागत नाही. दोन दिवस मधल्या सुट्टीत मी त्या पोरीकडनं ग्राउंडवर सराव करून घेतला. बूच पाहिजे त्या जागी आलं की नेमका दोरा सुटला पाहिजे. शिवाजी पेठेतली दोन पोरं, एरवी त्यांना फुटबॉलशिवाय काही सुचत नाही, ती गोलकीपरसारखी समोर उभी राहून बूच अडवायची आणि ओरडायची, “आगं लवकर सोडलंस! परत!”

तिसऱ्या दिवशी मी सरांना बोलावलं. पोरगी मैदानाच्या मधोमध. तिच्या समोर चिंचेचं झाड, उजव्या हाताला झेंड्याचा खांब. बूच समोरनं डावीकडनं उजवीकडं जाईल अशा बेतानं ती फिरवणार आणि झाडाच्या रेषेत आलं की सोडणार.

“सर,” मी म्हटलं, “तुमच्या नोट्सप्रमाणं बूच कुठं जाईल?”

“झाडाकडं. सरळ बाहेर.”

“आणि खांबाकडं?”

“खांबाकडं कशाला जाईल? काय संबंध?”

“मग खांबापाशी उभं राहायला तुमची हरकत नसेल.”

सरांना पोरांसमोर नाही म्हणता येईना. गेले. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची घडी कडक, एक हात खांबावर टेकवलेला. कुठं लागलं ते नीट कळावं म्हणून मी बूच निळीच्या पाण्यात बुडवून घेतलं होतं. शास्त्रात खूण महत्त्वाची. आणि थोडी माझी हौस.

पोरगी ओरडली, “सर, तिथनं सरका! लागंल!”

“तू फिरव गं!”

बूच फिरायला लागलं. दोऱ्याचा सूंऽऽ आवाज. झाडाच्या रेषेत आलं आणि तिनं दोरा सोडला.

चिंचेकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. बूच सरळ खांबाकडं गेलं आणि सरांच्या खिशाच्या जरा खाली, पोटावर, थप्पकन् बसलं. निळा गोल ठिपका. रबरी असल्यामुळं लागलं काहीच नाही, पण सर इतक्या जोरात “अगं आई!” म्हणाले की ऑफिसातले क्लार्क बाहेर आले. पेठेतल्या पोरांनी गोल झाल्यासारखी बोंब ठोकली.

मला वाटलं, आता तरी म्हणतील. एवढंच म्हणायचं होतं, ‘चुकलं माझं.’ शिकवणाऱ्यानं हे म्हटलं असतं तर त्या दिवशी पोरं बारावीचं अख्खं फिजिक्स शिकली असती. मी म्हणाले असते, पुढच्या वर्षी नोट्स आपण दोघं मिळून लिहू. कपडे धुऊनसुद्धा दिले असते.

सर शर्ट झटकत स्टाफरूममध्ये गेले. आम्ही मागोमाग. जर्नल ओढलं, सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावरही उमटली.

“घे. प्रॅक्टिकली तुझं बरोबर असंल. पण बाहेरचे परीक्षक येणार हायत. त्यांनी हा प्रश्न विचारला तर नोट्समधलं सांगायचं. आमचे विद्यार्थी वेगवेगळं बोलायला लागले तर कॉलेजचं नाव जातंय.”

“न्हाई सांगणार सर.”

“मार्क गेले तर माझ्याकडं रडत यायचं न्हाई.”

“न्हाई येत.”

मी तिचं जर्नल उचललं आणि तिला घेऊन बाहेर पडले. थांबले असते तर टेबल उलटं केलं असतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. आधी त्यांना मिसळ खायला नेलं, हा आमच्याकडचा नियमच. परत येईपर्यंत तोंडी परीक्षेसाठी पोरं पॅसेजमध्ये उभीच. आमची पोरगी ओठांतल्या ओठांत उत्तर घोकत होती. नुसतं उत्तर नव्हे, भांडण घोकत होती : ते काय म्हणतील, आपण काय म्हणायचं, हातवारे कसे करायचे. बोलावलं तेव्हा ती कुस्तीच्या फडात उतरावं तशी आत गेली.

लगेच बाहेर आली. चेहरा लालबुंद.

“काय झालं गं? काय विचारलं?”

“स्क्रू गेजचं लीस्ट काउंट. अकरावीचं पाठांतर!”

“आणि?”

“आणि कायबी न्हाई! ‘जा’ म्हणले. जर्नलचं पान सुद्धा उघडलं न्हाई त्यांनी! मी म्हटलं, सर, वर्तुळाकार गतीचं इचारा की. तर म्हणले, बाळ, वेळ न्हाई, अजून सगळी बॅच हाय.” तिचा आवाज फाटला. “मॅडम, एवढं भांडलो आपण. इचारायला नको हुतं का त्यांनी?”

हवं होतं गं. विचारायला हवं होतं. मी तिला घेऊन पायरीवर बसले आणि आम्ही दोघींनी आतल्या प्रत्येकाला, एकेकाची नक्कल करत, जीव भरेपर्यंत शिव्या घातल्या.